घर, ओटा, खळं : दीड ते पाच वर्षांचं लेकरू कुठे आणि कसं शिकतं

दीड वर्षाचं लेकरू स्वयंपाकघरात बसलंय. हातात डब्याचं झाकण. ते खाली टाकतं, आवाज ऐकतं, तुमच्या तोंडाकडे बघतं, उचलतं, पुन्हा टाकतं. दहाव्यांदा टाकलं की घरातलं कुणीतरी ओरडतं, "पुरे आता!" आणि झाकण वरच्या फळीवर जातं. लेकराच्या बाजूने पाहिलं तर भर तासाला शाळा सुटली. हातातून सोडलेली वस्तू खालीच जाते, फरशीवर खणकन वाजते, गोधडीवर वाजत नाही, आणि वाजली की माय वळून बघते. एवढं सगळं ते पक्कं करत होतं. एकदा टाकून पक्कं होत नाही, म्हणून ते वीसदा टाकतं.

ज्यांच्या घरी पहिलंच लेकरू आहे, जे आजी-आजोबा दिवसभर नातवंडं सांभाळतात आणि ज्या सेविका-मदतनीस अंगणवाडीत नव्याने रुजू झाल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. खेळणी विकत आणायची नाहीत. जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या घरात जे असतं तेवढंच वापरायचं. ही काही आजची टूम नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून पालघरकडच्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच केलं. महागडी साधनं बाजूला ठेवून दगड, पानं, शिंपले, बिया घेतल्या आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली.

आधी चार दिवस नुसतं बघा

नवीन माणूस इथेच चुकतो. पहिल्याच दिवशी रंग, आकार, ए-बी-सी-डी सुरू करतो. त्याऐवजी एक वही घ्या. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, लेकरू आपणहून काय करतंय ते लिहा. तुम्ही सांगितलेलं लिहायचं नाही. चार दिवसांत एक-दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील. कुणी सारखं भरतं आणि ओततं. कुणी वस्तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवतं. कुणाला झाकणं लावायची-काढायची असतात, कुणी चादरीखाली लपतं किंवा वस्तू लपवतं, तर कुणी फक्त फेकतं.

जे सारखं चाललंय तेच त्या वेळचं शिक्षण असतं. ते थांबवू नका, त्याला योग्य सामान द्या. वाहून नेणाऱ्याला छोटी पिशवी आणि चार बटाटे द्या, ते घरभर फिरवेल. झाकणवाल्याला वेगवेगळ्या मापांचे पाच स्टीलचे डबे द्या, त्यातला एक फिरकीच्या झाकणाचा असावा. फेकणाऱ्याला "फेकू नको" म्हणून उपयोग नाही. जुन्या ओढणीचे घट्ट गोळे बांधून द्या आणि एक टोपली दोन हात अंतरावर ठेवा. नेम लागायला लागला की टोपली हातभर मागे न्या. वाटी फेकली तर वाटी उचलून ठेवा, गोळा हातात द्या आणि एवढंच म्हणा, "वाटी खायला, गोळा फेकायला."

घर खाली उतरवा

गुडघ्यांवर बसा आणि त्या उंचीवरून घर बघा. दोन वर्षांचं मूल साधारण ८५ सेंटिमीटर उंच असतं. त्याला घरात टेबलाचे पाय, मोठ्यांचे गुडघे आणि हात न पोचणाऱ्या फळ्या दिसतात. स्वतःचं काही हाताला लागत नाही, मग ते तुमच्या पायात येतं.

सगळ्यात खालची एक फळी त्याची करा. त्यावर पाच-सहा वस्तू ठेवा, जास्त नकोत. वीस वस्तू असल्या की लेकरू सगळ्या ओतून निघून जातं. आठ-दहा दिवसांनी तीन बदला, तीन राहू द्या. त्याचा पेला आणि ताटली खाली ठेवा. कपड्यांसाठी भिंतीला दोन-अडीच फुटांवर खुंटी ठोका. ओट्याजवळ उभं राहायला रुंद, न हलणारा पाट ठेवा. चपला ठेवायची जागा खडूने आखून द्या, दोन वर्षांचं मूलही त्या रेघेत चपला बरोबर लावतं.

धोकादायक ते आधी उचला, कारण मोकळीक द्यायची तर नजर चुकली तरी चालेल असं घर हवं. शेतकऱ्याच्या घरात तीन जागा बघायच्या. पहिली, फवारणीचं औषध, त्याचे रिकामे डबे आणि पंप. डबे घरी आणूच नका, आणि उरलेलं औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच ओतू नका. दुसरी, पेरणीचं बियाणं. बीजप्रक्रिया केलेलं, म्हणजे औषध चोळलेलं, बियाणं लाल-गुलाबी असतं, लेकराला ते गोळ्या-बिस्किटासारखं दिसतं. तिसरी, सरपणाचा आणि काड्यांचा ढीग, तिथे विंचू असतात. अंगणाच्या कडेला एरंडी, धोतरा, कण्हेर असेल तर त्याच्या बिया-फळांपाशी एकट्याला खेळू देऊ नका. औषध पोटात गेल्याचा संशय आला तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन लावा आणि औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या.

पाण्याची टाकी, हौद, टिपाड झाकलेलंच हवं. अर्ध्या बादलीतही लहान मूल डोकं खाली जाऊन बुडू शकतं, आणि तेव्हा आवाज होत नाही.

तोंडात आणि नाकात जाणाऱ्या वस्तूंचा नियम सोपा आहे. तीन वर्षांच्या आत हरभरा, उडीद, चिंचोके, मणी, छोटी बटण-बॅटरी यातलं काही हाती नको. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे चार-पाच वर्षांपर्यंत नकोत, कूट करून द्या. पळता-पळता खायला देऊ नका. ठसका लागून जोरात खोकत असेल तर खोकू द्या, तोंडात बोटं घालून चाचपडू नका. आवाज बंद झाला, श्वास लागेना, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच ठोके द्या आणि लगेच मदत बोलवा. नाकात दाणा गेला तर पाणी घालू नका, दाणा फुगतो आणि आणखी अडकतो. चिमट्याने ओढलात तर तो आत सरकतो. सरळ दवाखाना गाठा. बॅटरी गिळली किंवा नाकात गेली तर एक मिनिटही थांबू नका.

पाणी ओतणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत

एकच काम नीट मांडायचं असेल तर हे मांडा. दोन वर्षांपासून पुढे चालतं.

सामान : एक परात, २०० मिलीलिटरचे दोन सारखे स्टीलचे पेले, एक सुती फडकं. पाणी अर्धा पेला, म्हणजे १०० मिलीलिटर. पेल्याला आतून तेवढ्यावर खूण असली तर उत्तम, नसली तर बाहेरून दोरा बांधा.

१. परात जमिनीवर ठेवा. दोन्ही पेले परातीत, फडकं उजवीकडे घडी करून.

२. लेकराच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोरून त्याला सगळं उलटं दिसतं.

३. एकदा तुम्ही ओतून दाखवा. सावकाश, नेहमीच्या निम्म्या वेगाने, आणि तोंड बंद ठेवून. हात आणि तोंड एकदम चाललं की लहान मूल तोंडाकडे बघतं, हाताकडे नाही.

४. शेवटचा थेंब पडेपर्यंत पेला धरून थांबा. हा थेंब लेकरांना फार आवडतो.

५. परातीत सांडलेलं पाणी फडक्याने टिपा, फडकं पिळा. पिळणं हाही धडाच आहे.

६. पेला त्याच्याकडे सरकवा आणि हात मागे घ्या. खरंच मागे घ्या, मांडीखाली दाबून ठेवा हवं तर.

पहिल्या दिवशी निम्मं पाणी परातीत जाईल. चौथ्या-पाचव्या दिवशी थोडंच. तरीही सांडतच असेल तर लेकराचा दोष शोधण्याआधी सामान बघा. पेला काठोकाठ भरला होता का? एकाचं तोंड निमुळतं होतं का? लोटा जड होता का? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चौदा किलोच्या पोराने भरलेला लिटरचा लोटा उचलणं म्हणजे सत्तर किलोच्या माणसाने एका हाताने पाच किलोची बादली तिरकी करणं. वर पितळी लोट्याचं स्वतःचं वजन वेगळंच.

मुद्दाम उडवायला लागलं तर बहुतेक वेळा काम संपलेलं असतं किंवा हात दुखायला लागलेले असतात. रागावू नका. "पाणी झाडाला घालू" म्हणा आणि दोघं मिळून ते तुळशीला घाला. दोन्ही पेल्यांतून न सांडता ओतता आलं की पुढची पायरी चोचीच्या भांड्याची, मग निमुळत्या बाटलीची, आणि शेवटी जेवायला बसलेल्यांच्या पेल्यात पाणी वाढण्याची. साडेतीन-चार वर्षांचं मूल हे काम मानाने करतं.

कणीक आणि कळणा

भाकरी-पोळीच्या वेळी लेकरू जवळ आलं की लिंबाएवढा गोळा हाती देणं आपल्याकडे घरोघरी चालतंच. त्यात एक सुधारणा करा : दोन वेगळे गोळे द्या. गव्हाची कणीक ओढली की ताणली जाते. ज्वारीचं पीठ ओढलं की तुटतं, कारण गव्हातला चिवटपणा ज्वारीत नसतो. म्हणून तर ज्वारी गरम पाण्यात मळायची आणि लाटण्याऐवजी थापायची. कळण्याचं पीठ घरात असेल, म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेलं, तर तिसरा गोळा त्याचा. उडदाच्या चिकटपणाने तो ज्वारीपेक्षा बरा धरतो. हे सगळं समजावून सांगायचं नाही. बोटांना ते कळतं, आणि चार वर्षांचं मूल एक दिवस आपणच विचारतं की हे का तुटतं.

तव्याजवळचं अंतर मात्र ठरवून घ्या. चुलीपासून किंवा गॅसपासून चार फुटांवर खडूची रेघ मारा. गोळ्याचं काम रेघेच्या अलीकडे.

कापूस

दिवाळीच्या आगेमागे घरात कापूस येतो. चार वर्षांपुढच्या मुलांसाठी बोटांचा याहून चांगला व्यायाम शोधून सापडणार नाही. नुकती फवारणी झालेल्या शेतातला कापूस घेऊ नका, आणि वाळलेली बोंडं तशीच हाती देऊ नका, त्यांची टोकं टोचतात. वेचलेला कापूस द्या.

एका बोंडात चार-पाच पाकळ्या असतात, एकेकीत साधारण सहा ते नऊ सरक्या. एका मुलाला एकच पाकळी द्यायची. अंगठा आणि पहिल्या बोटाने सरकी धरायची, दुसऱ्या हाताने कापूस ओढायचा. सरकीला तंतू घट्ट चिकटलेले असतात, एकदम ओढला तर तुटतो, हळूहळू ओढला तर निघतो. मुलं हे दुसऱ्या-तिसऱ्या सरकीला आपली आपण शोधतात. निघालेल्या सरक्या वाटीत मोजून ठेवायच्या. तळव्यांवर कापूस घेऊन आजी वात वळते ते बघायचं आणि वळून पाहायचं. पहिल्या वाती सुरवंटासारख्या होतात. होऊ द्या, त्याच देव्हाऱ्यात लावा. आजीने त्याच्या देखत उसकटून पुन्हा वळली तर दुसऱ्या दिवशी मूल कापसाला हात लावणार नाही. शेवटी सरक्या मोजून उचला आणि हात धुवा. घरात रांगतं भावंड असेल तर हे काम ते झोपल्यावरच करा.

हाताची गोष्ट निघालीच आहे तर पेन्सिलीबद्दलही. मनगटाची छोटी हाडं जन्मतः कूर्चेची असतात आणि घट्ट व्हायला पुढची कितीतरी वर्षं लागतात. तीन वर्षांच्या मुलाकडून चार रेघी वहीत "क" गिरवून घेणारे पालक त्याच्याकडून न होणारं काम मागतात. मग पेन्सिल मुठीत धरणं, लवकर थकणं, वही बघितली की पळणं सुरू होतं. मळणं, सोलणं, पिळणं, वळणं, शेंगा फोडणं हे पाच वर्षांपर्यंत भरपूर झालं की अक्षर लवकर बसतं.

बोलणं

लेकरू बोट दाखवतं, तुम्ही तिकडे बघता आणि त्या वस्तूचं नाव घेता. शब्द इथे लागतात. तुम्ही तुमच्या मनातली वस्तू दाखवून नाव सांगितलंत तर कमी लागतात. म्हणून त्याच्या नजरेच्या मागे जा. ते बैलाकडे बघत असेल तर बैलाबद्दल बोला, तुमच्या हातातल्या चित्राच्या पुस्तकातल्या सिंहाबद्दल नको.

हातातलं काम बोलत करा : "आता मिरच्यांचे देठ काढते. ही ओली आहे, बाजूला ठेवू." काही विचारलंत तर मनात पाचपर्यंत आकडे मोजून थांबा. लहान मुलाला शब्द शोधायला वेळ लागतो, आणि नेमकं त्या वेळात आपण उत्तर सांगून टाकतो. पाहुण्यांपुढे "पोएम म्हणून दाखव", "नाक कुठंय, कान कुठंय" ही परीक्षा बंद करा. तिच्याने लेकरू शिकत नाही, पाहुणे हसतात तेवढंच.

अडीच-तीन वर्षांची मुलं "मी काम करलं", "बाबा गावाला जाला" असं बोलतात. ही चूक ऐकून खरं तर खूश व्हायला हवं. "करलं" हा शब्द त्याने कुणाकडून ऐकलेला नाही. "बसला", "पडला" ऐकून त्याने नियम काढला आणि तो इथेही लावला. "चुकलं, केलं म्हण" असं टोकू नका. "हो का, काम केलंस? कुठलं केलंस?" एवढं म्हटलं की बरोबर रूप कानावर जातं आणि गप्पाही तुटत नाहीत.

आता घरच्या बोलीचा प्रश्न, जो खानदेशात फार ऐकू येतो. घरात अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी किंवा गुजरी, आणि शाळा मराठी किंवा इंग्रजी. लेकरू मागे पडेल म्हणून आई-बाप अडखळत्या मराठीत किंवा त्याहून अडखळत्या इंग्रजीत बोलायला लागतात. तसं करू नका. तुमची बोली तुम्हाला भरभरून येते. रागावणं, चेष्टा, गोष्ट, म्हण, सगळं तिच्यात आहे. "आठे ये" म्हणणारी आजी लेकराला हजार शब्द देते, "कम हिअर" म्हणणारी पन्नासावर अडकते. लहान मूल दोन-तीन भाषा सहज वेगळ्या ठेवतं. सुरुवातीला मिसळेल, डोळ्याला कधी "डोया" म्हणेल कधी "डोळा", पण कुणाशी काय बोलायचं हे त्याला चार वर्षांपर्यंत आपणच समजतं. अंगणवाडीताईंनी "डोया" ऐकून हसू नये, "हो, डोळा" म्हणून पुढे जावं.

मोबाईलबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत एका वर्षाच्या आतल्या बाळांना आणि एक वर्षाच्या मुलांनाही पडदा नको असं म्हटलं आहे, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर बरंच. कारण साधं आहे. मोबाईल बोलतो, पण लेकरू काय म्हणालं ते ऐकून थांबत नाही. जेवताना लावलेला मोबाईल तर पोट भरल्याचंही कळू देत नाही.

मोजणं

शंभरपर्यंत पाढ्यासारखं म्हणणारं मूल चार पोळ्या मोजून आणू शकतंच असं नाही. म्हणणं आणि मोजणं वेगळं. "जेवायला किती जण? प्रत्येकाला एक ताट" हे काम रोज द्या. एक माणूस, एक ताट, ही जोडी जमली की मोजणं आलं. ताट कमी पडलं तर तुम्ही आणू नका, "कुणाला नाही मिळालं?" विचारा.

ऊन, ओटा, शेत

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत जातो. त्या दिवसांत बाहेरचा खेळ सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. दुपारी धाब्याच्या घरात किंवा ओल्या पडद्यामागे परात-पाण्याचं काम. लोखंडी घसरगुंडी किंवा फरशी तळहाताच्या मागच्या बाजूने पाच सेकंद चाचपा. तुम्हाला धरवत नसेल तर लेकराला चटका बसणार.

तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसात एकूण तीन तास हालचाल हवी, सलग नव्हे, मिळून. आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका, पोळ्याच्या आधी मातीचे बैल, केळीच्या वाळल्या पानांचा ढीग, शेताच्या बांधावरून तोल सांभाळत चालणं, यातच ते तीन तास निघून जातात. मातीचे बैल करताना काळी माती आणि पाणी लेकराला स्वतः मिसळू द्या. पाणी जास्त झालं तर बैलाचे पाय बसतात, कमी झालं तर वाळल्यावर तडा जातो. ते सांगू नका, बसू द्या पाय.

शेतात झोळी बांधून बाळाला ठेवतात. झोपलेलं असेल तर ठीक. जागं बाळ तासन्‌तास झोळीत असेल तर त्याला फक्त कापड दिसतं. गोधडी अंथरून सावलीत पालथं ठेवा, जवळ कुणीतरी बसलेलं हवं. वर्षाच्या आतल्या, अजून रांगत नसलेल्या बाळाला दिवसभरात मिळून अर्धा तास तरी असं पालथं खेळू द्या.

काय बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ते मोठ्यांच्या घाईने. लेकराला बटण लावायला चार मिनिटं लागतात, आपल्याला चार सेकंद. सकाळी अंगणवाडीच्या वेळेला बटणं शिकवू नका, संध्याकाळी शिकवा. दुसरं, अति कौतुक. प्रत्येक गोष्टीला टाळ्या पडल्या की मूल काम सोडून टाळ्यांकडे बघतं. "बटण लागलं" एवढं पुरे. तिसरं, नियम माणसागणिक बदलणं. आई म्हणते भिंतीवर रेघ नको, आजोबा म्हणतात जाऊ दे. एक भिंत किंवा ओट्याची एक फरशी रेघोट्यांची ठरवून टाका, खडू-कोळशाने काहीही काढा. चौथं, मुलींना भांडी आणि मुलांना अंगण अशी वाटणी. पोऱ्याच्या बोटांनाही शेंगा सोलायची गरज असते, पोरीच्या पायांनाही बांधावर पळायची.

तपासणी कधी

मुलं आपापल्या वेगाने शिकतात, पण त्याच नावाखाली काही गोष्टी वर्षभर दुर्लक्षित राहतात. सहा महिन्यांपर्यंत आवाजाकडे मान वळत नाही, वर्ष-सव्वा वर्षाला बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही, दीड वर्षाला चालणं किंवा एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांना "पाणी दे" असे दोन शब्दही जोडत नाही, यातलं काही असेल तर वाट बघू नका. येत असलेलं बोलणं किंवा चालणं मागे गेलं तर कोणत्याही वयात लगेच दाखवा. "याचा बापही उशिरा बोलला" हे ऐकून थांबू नका, आधी कान तपासून घ्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, आणि गरज पडली तर मुलाला जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. ही तपासणी मोफत असते. जाताना लेकरू बोलतं ते सगळे शब्द एका कागदावर जसेच्या तसे लिहून न्या. "पाणी"ला "पा" म्हणत असेल तर "पा" लिहा, अहिराणी शब्द असेल तर अहिराणीच लिहा. अनोळखी डॉक्टरांपुढे लेकरू गप्प बसतं, तेव्हा तो कागद उपयोगी पडतो.